ऋण काढून सण नको!

शिक्षणासाठी शहरात राहणाऱ्या कॅथलिक मुलामुलींचे सण कमी पैशांत, पण मनापासून कसे होतील?



मागच्या पंधरवड्यात रब्बी कांद्याच्या रोपवाटिका बघायला एका गावी गेलो होतो. गादीवाफ्यावर रोप कोलमडत होते, त्यावर काय करायचे ते सांगून झाले. निघताना शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? शेतीचं नाहीये." त्यांचे घर कॅथलिक. मुलगी पुण्यात कॉलेजला आहे, चौघीजणी भाड्याच्या खोलीत राहतात. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तिला येता आले नाही, आणि आता परीक्षेमुळे नाताळाचेही जमणार नाही. "पाच हजार पाठव म्हणते. मैत्रिणींना पार्टी द्यायची, ड्रेस घ्यायचा, खोली सजवायची. नाही म्हणावं तर पोरीचा सण. हो म्हणावं तर कांद्याचं खत राहतं. काय करू सांगा."

बंधूंनो, खताची मात्रा कोणी विचारली तर मी लगेच सांगतो. या प्रश्नाला मात्र गप्प बसलो. कारण असाच एक नाताळ मी जवळून पाहिला आहे आणि त्यात माझाही हात होता. त्या बाईंना बांधावर उभे राहून जे नीट सांगता आले नाही, ते आज इथे लिहितो. आपल्या जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत. आणि ज्यांच्या घरी नाताळ नसतो त्यांनीही वाचावे, कारण ऋण काढून सण करण्याची खोड काही एकाच धर्माची नाही.

वसईकराचा नाताळ

२००८ साली मी कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षाला होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत वसईकडचा एक मुलगा होता. त्याला सगळे 'वसईकर' अशीच हाक मारायचे. वडिलांची थोडी केळीची बाग, भाजीपाला, पावसाळ्यात भात. मुलगा अभ्यासाला बरा, पण भिडस्त. डिसेंबर उजाडला तसे आम्ही त्याच्या मागे लागलो, "काय वसईकर, नाताळाची पार्टी कधी?" आम्हाला नाताळ म्हणजे केक आणि पार्टी एवढेच माहीत. 'नाही' म्हणायचे त्याच्या जिवावर आले. घरून परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेले पैसे त्याने मोडले, वीस जणांना हॉटेलात जेवण दिले, वर केक आणला. बिल अडीच हजारांच्या घरात गेले. कमी पडले ते खानावळवाल्याकडून उसने घेतले. नंतर फॉर्मची मुदत आली तेव्हा खिसा रिकामा. मुदत टळली, विलंब शुल्क लागले, आणि घरी सांगायची तर लाज.

जानेवारीत त्याचे वडील केळ्यांची पिशवी घेऊन अचानक भेटायला आले. खानावळवाल्याने सगळे त्यांच्या कानावर घातले. ते ओरडले नाहीत. कॉटवर बसले, खिशातून नोटा काढून मोजून दिल्या. बागेच्या खतासाठी काढलेले ते पैसे होते हे आम्हाला मागाहून कळले. मग म्हणाले, "अरे, येशू जन्मला गोठ्यात. हॉटेलात त्याला जागाच मिळाली नव्हती. तू कशाला तिथं गेलास?"

पार्टी खाल्लेले आम्ही चौघे तिथेच होतो. एकालाही मान वर करता आली नाही.

चार लोंब्यांचा सण

दुसऱ्या वर्षी जे झाले ते सांगण्यासाठी खरे तर हा लेख आहे.

वसईच्या आणि मुंबईच्या आसपासच्या जुन्या कॅथलिक वस्त्यांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' हा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात, फादर त्यांच्यावर आशीर्वाद मागतात, आणि मग लोक त्या घरी नेतात. पहिला दाणा देवाचा, मग घरचा. आपल्याकडे कोकणात अश्विन पौर्णिमेला नवान्न करतात, त्याच जातीचा हा सण.

२००९ च्या आगेराला वसईकराला प्रात्यक्षिकांमुळे घरी जाता आले नाही. या वेळी वडिलांनी पैसे पाठवले नाहीत. आशीर्वादाच्या चार लोंब्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीने येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवल्या. वसईकराने त्यातले दाणे सोलले, मेसच्या मावशींकडे दिले. मावशींनी ते वाटून खिरीत घातले. दोन लिटर दूध जास्तीचे घेतले, तेवढाच खर्च. जेवायच्या आधी वसईकर उभा राहिला आणि हा कसला सण, घरी काय करतात, एवढे त्याने दोन मिनिटांत सांगितले. चाळीस पोरांच्या ताटात ती खीर पडली. मागल्या वर्षीच्या पार्टीत काय खाल्ले ते मला आज आठवत नाही. ती खीर आठवते.

ही काही त्या एका बापाचीच युक्ती नव्हे. मंगळूर-उडुपीकडचे कोकणी कॅथलिक ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण करतात. त्या दिवशी चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांवर आशीर्वाद होतो, दाणे वाटून दुधात किंवा खिरीत घालून घरातले सगळे घेतात, आणि केळीच्या पानावर शाकाहारी जेवण होते. परगावी, परदेशी गेलेल्या माणसांना हे दाणे टपालाने पाठवण्याची पद्धत आहे. गोव्यातही नव्या कणसांचे फेस्त असते. रायला ते ५ ऑगस्टला होते, ताळगावला २१ ऑगस्टला.

तेव्हा मुद्दा एवढाच, की मूल सणाला घरी येऊ शकत नसेल तर सण मुलाकडे पाठवता येतो. पैसे पाठवले की त्याची पार्टी होते. घरचे काही पाठवले की त्याचा सण होतो. आता वर्षभराच्या सणांचा हिशेब मांडू. कॉलेजचे वर्ष आपल्या खरिपाबरोबरच सुरू होते, म्हणून तिथूनच धरू.

कॉलेज लागले की पहिल्या आठवड्यात

पेरणीआधी जमीन बघतो, तसे मुलाने पहिल्या आठवड्यात जवळचे चर्च बघून ठेवावे. मिस्सा किती वाजता, कोणत्या भाषेत, तिथे विद्यार्थ्यांचे मंडळ आहे का, हे विचारावे. रविवारी प्रात्यक्षिक किंवा ज्यादा तास असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते, हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसते. चर्चची दिनदर्शिका घेऊन खोलीत लावावी आणि परीक्षेच्या तारखा त्याच दिनदर्शिकेवर लिहाव्यात. कुठला सण परीक्षेत सापडतो ते जुलैतच कळते, म्हणजे डिसेंबरात धावपळ होत नाही.

घरून निघताना सोबत छोटा क्रूस, जपमाळ आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावे लिहिलेला एक कागद द्यावा. तो कागद कशाला, ते पुढे येईल.

१३ जूनला संत अंतोनचा सण. त्याच्या नावाने गरिबांना भाकरी देण्याची जुनी रीत आहे. सुट्टीत घरी असताना हा सण आला तर चार भाकरी जास्त थापायच्या. खोलीवर असले तर आपल्या डब्यातला अर्धा डबा कोणाला तरी द्यायचा. खर्च शून्य. १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येतात. कॉलेजात झेंडावंदन करावे आणि चर्चला जाऊन यावे. ८ सप्टेंबरला कॉलेज चालू असते. अशा वेळी रात्री अभ्यास आटोपला की घरी व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणावी. वीस मिनिटे लागतात. आजीला नातीचे तोंड दिसते आणि नातीला घर दिसते.

२ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दिवाळीच्या सुट्टीत मूल गावी असेल तर कबरीवरचे गवत काढायला त्याला बरोबर न्यावे. नसेल तर तो नावांचा कागद काढावा, एक मेणबत्ती लावावी आणि एकेक नाव वाचावे. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत थोडे पाणी घालून त्यात उभी करावी. वसतिगृहात गादी, पडदे, पुस्तके जवळजवळ असतात. आगीशी खेळ नको.

नाताळ: एक ताटली, चार मेणबत्त्या, मूठभर गहू

नाताळाची तयारी चार रविवार आधी सुरू होते. त्याला आगमनकाळ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत पडतो. एका ताटलीत चार मेणबत्त्या ठेवायच्या, भोवती कडुलिंबाचा किंवा आंब्याचा डहाळा. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशी चौथ्या रविवारी चारही. दहा मिनिटे प्रार्थना करून विझवायच्या. त्याच चार मेणबत्त्या महिनाभर पुरतात.

गोठा करायचा तर बाजारातला तयार आणू नये. बुटाचे खोके, गोणपाटाचा तुकडा, मूठभर वाळले गवत एवढ्यात तो होतो. वर तारा लावायला दिवाळीचा आकाशकंदील काढून ठेवलेला असतोच, तो चालतो.

गोठ्यापुढे हिरवे शेत असले तर शोभा येते. गोव्याकडे त्यासाठी आधीपासून धान्य उगवून ठेवतात. हे काम मात्र माझ्या खात्यातले आहे, म्हणून जरा तपशिलाने सांगतो. खाण्याचा घरचा गहू मूठभर घ्यावा. बीजप्रक्रिया केलेले बियाणे घेऊ नये, त्याला औषध लावलेले असते आणि खोलीत हात सगळीकडे लागतात. गहू रात्रभर भिजवावा. खाली भोके पाडलेल्या पसरट डब्यात इंचभर चाळलेली माती घ्यावी, तिच्यावर गहू दाट पसरून मातीचा पातळ थर द्यावा, ओल्या फडक्याने दोन दिवस झाकावा. कोंब दिसले की फडके काढून खिडकीच्या उजेडात ठेवावा. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडावे. पाणी साचू देऊ नये, नाहीतर बुरशी धरते. आपल्याकडे डिसेंबरात थंडी असते, वाढ हळू होते, म्हणून १२-१३ तारखेलाच पेरणी करावी. नाताळापर्यंत चार बोटे हिरवे शेत तयार होते. सण झाला की ते एखाद्या शेळीपुढे टाकावे.

जेवणाचे म्हणाल तर घरून एक डबा पाठवा. करंज्या, शंकरपाळे, जे घरी होते ते. मुलाने तो डबा लपवून खाऊ नये, चौघांत उघडावा. ज्याला द्यायचे त्याने एखाद्या रखवालदाराला, मेसच्या मावशींना, सुट्टीत घरी न गेलेल्या दुसऱ्या मुलाला बोलावून द्यावे. मेणबत्त्या, कागद, दूध, एसटीतून डबा पाठवणे, सगळे धरून दोनशे रुपयांच्या आसपास हा नाताळ होतो. नवा ड्रेस हवाच असेल तर तो सुट्टीत घरी आल्यावर, गावच्या बाजारात, आईच्या नजरेखाली घ्यावा.

मध्यरात्रीच्या मिस्सेबद्दल एक सूचना. वसतिगृहाचे फाटक रात्री बंद होते. त्या रात्री रखवालदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा आठ दिवस आधी रेक्टरना अर्ज द्यावा, चर्चचे नाव आणि परत येण्याची वेळ त्यात लिहावी. मुलींनी एकटीने जाऊ नये, जाण्यायेण्याची सोय आधी ठरवावी. तेही जमत नसेल तर २५ तारखेला सकाळची मिस्सा आहेच. ती काही कमी मोलाची नाही. आणि २५ डिसेंबरला सुट्टीच असते.

उपवासकाळ आणि ईस्टर

नाताळाची तारीख ठरलेली, पण ईस्टर दरवर्षी हलतो. मुले विचारतात, हे कसे? आपल्याला पंचांग कळते, मग हेही कळेल. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल याच्या बाहेर जात नाही. कधी होळीची पौर्णिमा लागते, कधी चैत्री. २०२४ साली होळी २४ मार्चला होती आणि ईस्टर ३१ मार्चला. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. चर्चची पौर्णिमा ठरावीक कोष्टकाने काढतात, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, इतकेच.

ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार सोडले की दिवस भरतात चाळीस. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावतात. या बुधवारी कॉलेजला सुट्टी नसते, तेव्हा पहाटेची किंवा संध्याकाळची मिस्सा गाठावी. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक उपवासाचे. एक वेळ पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडेसे, आणि मांसाहार नाही. उपवासाचा हा नियम वयाची १८ वर्षे पुरी झाल्यावर लागतो, म्हणजे नेमका कॉलेजच्या वयात. आजारी असेल त्याला सूट आहे. परीक्षा तोंडावर असताना अंगात ताप घेऊन उपवास करावा असे कोणी सांगत नाही.

या दिवसांत साधेपणा आपोआप येतो. वसईकर चाळीस दिवस टपरीवरचा चहा सोडायचा आणि रोजचे ते पैसे एका डब्यात टाकायचा. दुसऱ्या वर्षी त्या डब्यातून त्याने मेसवर काम करणाऱ्या पोराला वह्या घेऊन दिल्या. चहाचे पैसे ते किती? पण पार्टीच्या अडीच हजारांनी जे झाले नाही, ते त्या चिल्लरीने झाले.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा, परत आल्यावर खोलीतल्या सगळ्यांना एकेक उकडलेले अंडे, आणि घरी फोन. पुरे.

शेतकऱ्यांचा संत

उन्हाळ्याच्या सुट्टीत १५ मेला संत इसिदोरचा सण येतो. बाराव्या शतकात स्पेनमध्ये माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा हा सालगडी. कामाआधी प्रार्थना करायचा आणि स्वतःच्या भाकरीतली भाकरी गरिबाला द्यायचा, अशी त्याची ख्याती. १२ मार्च १६२२ रोजी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, गोव्यात ज्याचे शव जतन केले आहे तो संत फ्रान्सिस झेवियरही संत घोषित झाला. एकाने समुद्र ओलांडून देश पाहिले, दुसरा नांगरामागे चालत राहिला, आणि दोघांना मान एकच मिळाला.

या दिवशी मूल घरी असते, खरिपाची तयारी चालू असते. तेव्हा बियाण्याची पिशवी, कुदळ, खुरपे अंगणात मांडून घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी. कॉलेजात शिकलेल्या मुलाने त्या दिवशी बियाण्याची उगवणक्षमता तपासून द्यावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. सणही झाला आणि बापाला शिक्षणाचा उपयोगही दिसला.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि गुरुजन मंडळींना एक विनंती आहे. गावातली किती मुले बाहेर शिकतात याची यादी तुमच्याकडे तोंडपाठ असते. त्यांच्या सणाला गावातून शहराकडे कोणी जात असेल तर एक डबा त्याच्या हाती देणे अवघड नाही. वसतिगृहाच्या किंवा कॉलेजच्या समितीवर तुमच्यापैकी कोणी असेल, तर नाताळाच्या रात्रीची परवानगी आणि गुड फ्रायडेच्या आसपासच्या परीक्षा हे विषय वेळेवर काढावेत. दिवाळीला, ईदला, आंबेडकर जयंतीला आपण मुलांची आठवण ठेवतो, तशी याही दिवशी ठेवावी.

आणि ज्यांची मुले ख्रिस्ती मित्राच्या खोलीत राहतात, त्यांनी आपल्या मुलाला एवढेच सांगावे, की सणाला मित्राकडे पार्टी मागू नकोस. "तुमच्याकडे आज काय करतात?" असे विचार. आम्ही २००८ साली एवढे विचारले असते, तर एका बापाच्या केळीचे खत वाचले असते.

त्या बाईंना मी शेवटी इतकेच म्हणालो, की पाच हजार पाठवू नका आणि नुसते 'नाही'ही म्हणू नका. डबा पाठवा, सोबत घरचा मूठभर गहू एका पुरचुंडीत बांधून द्या, आणि १२ तारखेला पेर म्हणावं. बाई हसल्या. म्हणाल्या, "कांद्याचं रोप कोलमडलं तर तुम्हाला विचारते, गहू कोलमडला तर पोरगी विचारेल." विचारू द्या. फोन आला तर मी सांगेन, पाणी कमी घाल.